कुत्र्याला जागा शिकवावी कशी?

खेड्यात घरोघर कुत्रे असते. कुणी ते हौसेने आणलेले असते. कुणाच्या दारी ते आपले आपणच येऊन राहिलेले असते. आपण त्याला उरलेली भाकरी घालतो. ते आपले दार राखते. हा व्यवहार फार जुना आहे. माणूस शेती करू लागला, गाई-बैल पाळू लागला, त्याच्याही आधी कुत्रे माणसाजवळ आले. याला निदान पंधरा हजार वर्षे झाली असावीत, असे जाणकार सांगतात. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आपण पाहतोच. खंडोबाजवळही कुत्रा असतो. नामदेव महाराजांनी तर भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, अशी कथा आपण कीर्तनात ऐकतो.

इतका जुना हा सोबती. पण आपण त्याला शब्द शिकवतो किती? बहुतेक घरी दोनच. एक 'यू यू' आणि दुसरा 'हाड'. 'यू यू' म्हटले की ते येते. 'हाड' म्हटले की ते जाते.

पण 'हाड' म्हणजे काय? येथून जा. कोठे जा, ते आपण सांगतच नाही. म्हणून चुलीपासून हाकलले की कुत्रे ओसरीवर जाते. ओसरीवरून हाकलले की अंगणातल्या वाळवणावर जाते. वाळवणावरून हाकलले की पुन्हा चुलीशी येते. मग आपण काठी उचलतो आणि म्हणतो, हे कुत्रे फार हट्टी आहे. आम्हाला तसे वाटत नाही. त्याला कोठे जायचे ते ठाऊक नाही, एवढेच. शाळेत नवे मूल आले आणि गुरुजी त्याला दिवसभर नुसते 'इथं बसू नको, तिथं बसू नको' म्हणाले, तर ते मूल वर्गभर भटकतच राहील. त्याला एक बसकर दाखवावे. मग ते बसते. कुत्र्यालाही त्याचे एक बसकर हवे. 'जाग्यावर' म्हटले की ते तेथे जाईल आणि आपण सांगू तोवर तेथेच राहील, असे त्याला शिकवता येते. कसे, ते या धड्यात पाहू.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? कुत्रे ते कुत्रे. त्यासाठी आमच्या आळीतली एक हकिकत सांगतो.

आमच्या आळीत एक काकी राहतात. त्यांच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा आहे. अंगाने दांडगा, कान उभे, आवाज मोठा. मोत्या कुणाला चावलेला नव्हता. पण दारात परका माणूस दिसला की तो धावून जाई. टपालवाला पत्र कुंपणावरूनच टाकी. विजेचे मीटर पाहणारा बाहेरूनच हाका मारी. काकींना त्याचे काही वाटत नसे. उलट, "आमचा मोत्या असला म्हंजी कुलूप नको," असे त्या कौतुकाने सांगत.

पुढे काकींची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला आठवा महिना लागला होता. गावच्या आशाताई तिची चौकशी करायला आल्या. फाटक उघडताच मोत्या अंगावर गेला. आशाताई मागे सरकल्या, त्यांची पिशवी पडली, कागद मातीत गेले. काकी धावत आल्या आणि त्यांनी मोत्याला ओढून धरले. आशाताई म्हणाल्या, "काकी, बाळ झालं की मला यायचंच हाय. पण हा सुटा असला तर मी पाय आत टाकणार नाही." त्यांना तरी दोष कसा द्यावा? त्यांच्याही घरी लेकरे आहेत.

आता आशाताई आल्या नाहीत तर काय बिघडते, तेही सांगितले पाहिजे. बाळंतपण दवाखान्यात झाले, तर आशाताईंनी बाळाला पाहायला सहा वेळा घरी यायचे असते. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्या बाळाचे वजन करतात. अंग गार पडले की तापले ते पाहतात. बाळ दूध नीट ओढते का, नाळेची जागा कोरडी आहे का, बाळंतिणीला ताप आहे का, हे सारे त्या विचारतात. तान्ह्या बाळाचे दुखणे तासातासाने वाढते. त्याला बोलता येत नाही. ते वेळेवर ओळखणारे माणूस फाटकाशीच थांबले, तर नुकसान कुणाचे? मोत्या चोराला अडवत होता हे खरे. पण तो वैद्यालाही अडवत होता.

काकींच्या घरी वाद झाला. थोरला मुलगा म्हणाला, "पोत्यात घालतो आन् नदीपल्याड सोडून येतो." काकींनी डोळ्याला पदर लावला. असे पुष्कळ लोक करतात, म्हणून येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपले पाळलेले जनावर उपाशीतापाशी मरेल अशा ठिकाणी विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये म्हणून १९६० साली आपल्या देशात कायदा झाला. त्यात हे लिहिलेले आहे. शिवाय सोडलेले कुत्रे दुसऱ्या गावच्या लोकांच्या मागे लागते, ते निराळेच.

धाकटा म्हणाला, "साखळीनं बांधून ठिऊ." हा उपाय बरा वाटतो, पण तो अपुरा आहे. दिवसरात्र बांधलेले कुत्रे जास्त भुंकते, जास्त चिडते. त्याला पुढे जाता येत नाही आणि मागेही पळता येत नाही. मग जवळ येणाऱ्यावर ते दात काढते. आणि एखाद्या दिवशी साखळी तुटतेच. कुत्र्याला कायम बांधून ठेवून त्याला फिरवून न आणणे, हेही त्याच कायद्यात गुन्हा म्हणून सांगितले आहे.

शेवटी काकी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, ह्याला आता शाळंत घालायचा का काय?" आम्ही म्हणालो, "शाळेत नको, काकी. घरीच शिकवू. महिना आहे ना हातात?"

महिना पुरेसा होता. मोत्याला जसे शिकवले तसेच आता क्रमाने सांगतो.

पहिले काम जागा निवडण्याचे. काकींनी ओसरीचा कोपरा निवडला. जागा अशी असावी की तेथून कुत्र्याला दार दिसेल, पण ते दारात आडवे येणार नाही. माणसांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर ती नसावी. चुलीजवळ नसावी. पावसाचे पाणी उडेल तेथे नसावी. घराच्या मागे, कुणी दिसणार नाही अशा ठिकाणी जागा केली, तर कुत्रे तेथे राहत नाही. त्याला माणसे दिसावी लागतात. पहारा करणे हा त्याचा स्वभाव आहे. तो स्वभाव मारायचा नाही, त्याला फक्त कोपऱ्यात बसवायचे आहे.

बिबट्याचा वावर असलेल्या गावांनी आणखी एक गोष्ट पाहावी. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या भागांत उसात बिबटे राहतात. बिबट्या रात्री वस्तीत येतो, तो पुष्कळ वेळा कुत्र्यासाठीच येतो. तेथे कुत्र्याची रात्रीची जागा अंगणात ठेवू नये. दाराच्या आत ठेवावी.

दुसरे काम अंथरुणाचे. यासाठी पैसे खर्च करू नयेत. एक गोणपाट घ्यावे. ते झटकून त्याची चौघडी करावी. थंडीत वर जुनी वाकळ किंवा घोंगडीचा तुकडा घालावा. अंथरूण एवढे मोठे असावे की कुत्र्याचे चारी पाय आणि सारे अंग त्यावर मावेल. आठवड्यातून एकदा ते कडक उन्हात टाकावे. गोचीड दिसली तर कढत पाण्यातून काढावे. त्यावर फिनेल टाकू नये. कुत्रे अंथरूण चाटते आणि फिनेल त्याला विषारी असते. त्याचे नाक आपल्या नाकापेक्षा फारच तीव्र असल्यामुळे तो उग्र वास त्याला सोसतही नाही. मग ते अंथरुणाकडे फिरकत नाही आणि आपण पुन्हा म्हणतो, कुत्रे हट्टी आहे!

तिसरे काम शब्दाचे. शब्द एकच ठरवावा. काकींच्या घरी 'जाग्यावर' हा शब्द ठरला. 'बस' हा शब्द आम्ही नको म्हणालो. घरात दिवसभर आपण एकमेकांना बस, बसा म्हणतच असतो. कुत्र्याला त्यातले आपले कोणते ते कसे कळावे? शब्द घरातल्या सगळ्यांनी तोच म्हणावा. काकी 'जाग्यावर' म्हणणार, मुलगा 'चल पड तिकडं' म्हणणार आणि नातू 'गोणीवर, गोणीवर' म्हणणार, असे झाले तर कुत्र्याची दैना होते. शब्द ओरडून म्हणायचे कारण नाही. कुत्र्याला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येते.

चौथी वस्तू खाऊ. भाकरीच्या पापुद्र्याचे तुकडे करावेत, हरभऱ्याच्या दाण्याएवढे. यापेक्षा मोठे नकोत. मोठा तुकडा दिला तर चघळण्यात वेळ जातो आणि चार तुकड्यांत पोट भरते. उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे असले तर कुत्रे जास्त मन लावून शिकते. तिखट-मीठ लावलेले देऊ नये. कांदा-लसूण घातलेले कालवण तर मुळीच देऊ नये. कांद्याने कुत्र्याचे रक्त बिघडते. द्राक्षेही देऊ नयेत, ती त्याला बाधतात. शिकवणी जेवणाच्या आधी घ्यावी, नंतर नको. भरल्या पोटी कोण शिकतो?

आता प्रत्यक्ष शिकवणे.

गोणपाटाजवळ उभे राहावे. कुत्र्याला तुकडा दाखवावा आणि तो गोणपाटावर टाकावा. अजून काही बोलू नये. कुत्रे तुकड्यामागे जाईल. त्याचे चारी पाय गोणपाटावर आले की "शाब्बास" म्हणावे आणि आणखी एक तुकडा तेथेच, त्याच्या पायाशी टाकावा. मग दोन पावले दूर जाऊन त्याला खाली बोलवावे आणि पुन्हा तसेच करावे. असे दहा-बारा वेळा झाले की त्या वेळचा धडा संपला. सकाळी पाच मिनिटे, संध्याकाळी पाच मिनिटे. यापेक्षा जास्त नको. पहिल्या दिवशी मोत्या दोनच पाय गोणपाटावर ठेवी आणि मान लांब करून तुकडा उचली. काकींना वाटले, हा आपल्याला फसवतो आहे. तो फसवत नव्हता. दोन पायांत काम भागते, मग चार कशाला, असे त्याचे चालले होते. काकींनी तुकडा गोणपाटाच्या पलीकडच्या कडेला टाकायला सुरुवात केली. मग चारी पाय वर आले.

दोन-तीन दिवसांनी कुत्रे आपला हात हलताच गोणपाटाकडे वळू लागते. आता शब्द आणावा. येथे एक बारीक गोष्ट आहे आणि बहुतेक लोक नेमके तेथेच चुकतात. शब्द आधी म्हणावा, हात नंतर हलवावा. "जाग्यावर" म्हणावे, मनात एक आकडा मोजावा आणि मग हात दाखवावा. हात आणि शब्द एकदम आले तर कुत्रे फक्त हात पाहते. शब्द त्याच्या कानावरून जातो.

हे असे का होते, त्याचा शोध पूर्वीच लागलेला आहे. रशिया देशात इव्हान पाव्हलोव नावाचे शास्त्रज्ञ होते. अन्न कसे पचते, याचा अभ्यास त्यांनी कुत्र्यांवर केला. त्यासाठी १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. काम करताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. कुत्र्याच्या तोंडाला अन्न पाहून पाणी सुटते, हे आपण सारेच जाणतो. पण अन्न देण्याच्या आधी दर वेळी एक ठराविक आवाज केला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच पाणी सुटते. अन्न आधी दिले आणि आवाज मागून केला, तर तसे काही होत नाही. म्हणजे जे आधी येते, ते पुढे येणाऱ्या गोष्टीची खूण बनते. शाळेतल्या मुलांना जेवणाच्या सुट्टीची घंटा ऐकताच भूक लागते, ते याचमुळे! आपला 'जाग्यावर' हा शब्द म्हणजे तशीच घंटा. ती आधीच वाजली पाहिजे.

शब्दावर कुत्रे जाऊ लागले की त्याला तेथे थांबायला शिकवावे. सर्वांत जास्त वेळ येथे लागतो. कुत्रे गोणपाटावर गेले की लगेच तुकडा देऊ नये. ते बसेल किंवा आडवे होईल, तोवर गप्प उभे राहावे. बसले की तुकडा द्यावा. मग दोन आकडे मोजून द्यावा. मग पाच, मग दहा. तुकडा नेहमी गोणपाटावरच द्यावा. ते उठून आपल्याकडे आले तर देऊ नये. रागवूही नये. पुन्हा "जाग्यावर" म्हणावे आणि या वेळी कमी आकडे मोजावेत. काकी रात्रीच्या वर्गाला येतात. त्या मोत्यासमोर उभ्या राहून एक ते शंभर मोठ्याने मोजत. मोत्या थांबायला शिकला आणि काकींचे एकुणसाठ-एकुणसत्तर पक्के झाले.

मग पावले वाढवावीत. एक पाऊल मागे जाऊन परत यावे. मग दोन. मग अंगणापर्यंत. मग आपण क्षणभर दाराआड जावे. मात्र वेळ आणि अंतर एकाच दिवशी वाढवू नये. अंतर वाढवले त्या दिवशी आकडे कमी करावेत.

थांबणे शिकवले की सुटणेही शिकवावे लागते. नाही तर कुत्र्याला स्वतःच ठरवावे लागते, आता उठू का म्हणून. यासाठी दुसरा एक शब्द ठरवावा. काकींनी विचारले, "कोणता?" आम्ही म्हणालो, "सुट्टी!" जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचणार तरी कोठून? "सुट्टी" म्हटले की मोत्याने उठावे, हिंडावे, शेपूट हलवावे. तो शब्द ऐकल्याशिवाय उठू नये.

एवढे झाले म्हणजे काम झाले असे नाही. रिकाम्या ओसरीवर कोणतेही कुत्रे थांबते. पण दारात परका माणूस आला की? म्हणून परक्याचीही तालीम करावी लागते. प्रथम घरातल्याच कुणी तरी बाहेर जाऊन फाटकाची कडी वाजवावी. कडी वाजली की "जाग्यावर" म्हणावे. कुत्रे गेले की दोन-तीन तुकडे एकामागून एक द्यावेत. मग घरच्या माणसाने आत यावे. मग शेजाऱ्याने यावे. मग ज्याच्यावर कुत्रे नेहमी भुंकते, अशा ओळखीच्या माणसाला विनंती करावी. प्रत्येक वेळी कडी आधी, शब्द नंतर. काही दिवसांत कडी वाजताच कुत्रे आपणहून जागेकडे पळते. मोत्या असा पळू लागला तो अठराव्या दिवशी. काकींना एवढा आनंद झाला की त्या दिवशी त्याला खाऊ जरा जास्तच मिळाला.

पहिल्या काही पाहुण्यांच्या वेळी सावधपणा ठेवावा. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घालून त्याला एक लांब दोरी बांधावी. दोरीचे टोक घरातल्या मोठ्या माणसाच्या हाती असावे. दोरी ओढायची नाही. चुकून कुत्रे उठलेच, तर ते पाहुण्यापर्यंत पोचू नये, एवढ्यासाठीच ती असते. आशाताई बाळाला पाहायला तिसऱ्या दिवशी आल्या, तेव्हाही दोरी होती. मोत्या दोनदा भुंकला आणि गोणपाटावर जाऊन बसला. धाकटा त्याच्याजवळ तुकडे घेऊन उभा होता. आत बाळाचे वजन झाले. सातव्या दिवशी मात्र मोत्या मध्येच उठला, कारण धाकटा तुकडे द्यायचे विसरून बाळ पाहायला आत डोकावत होता. दोरी होती म्हणून काही झाले नाही. त्या भेटीत आशाताईंना बाळाची नाळेची जागा लाल आणि ओली दिसली. त्यांनी त्याच दिवशी बाळाला दवाखान्यात न्यायला लावले. औषध झाले, बाळ बरे झाले.

कुत्रे कितीही शहाणे असो, तान्ह्या बाळाजवळ त्याला एकटे सोडू नये. क्षणभरही नाही.

मारण्याबद्दल लोक आम्हाला नेहमी विचारतात. मारून कुत्रे शिकत नाही का? शिकते. पण ते निराळेच शिकते. आपण त्याला गोणपाटावर नेऊन मारले, तर ते एवढेच शिकते की गोणपाट ही मार खायची जागा आहे. मग 'जाग्यावर' म्हटले की ते शेपूट पायात घालून पळून जाते. म्हणून ती जागा शिक्षेची होऊ देऊ नये. चूक केली म्हणून रागाने तेथे पाठवू नये. आमच्या नोकरीच्या काळात काही मास्तर मुलांना कोपऱ्यात उभे करीत. त्या मुलांना पुढे सगळी शाळाच कोपऱ्यासारखी वाटे.

घरातल्या मुलांनाही एक नियम घालून द्यावा. कुत्रे आपल्या गोणपाटावर असले की त्याला हात लावायचा नाही. शेपूट ओढायचे नाही, अंगावर पडायचे नाही, झोपेतून उठवायचे नाही. झोपलेले कुत्रे दचकून चावते. ते मुद्दाम चावत नाही, पण दात लागायचा तो लागतोच. हवे तर मुलांनी त्याला हाक मारून आपल्याकडे बोलवावे.

येथे लसीचेही सांगितले पाहिजे, कारण शिकवताना आपला हात कुत्र्याच्या तोंडाशी जातो. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन त्याला पिसाळण्याविरुद्धची लस टोचून घ्यावी. पुढे दर वर्षी, डॉक्टर सांगतील तशी टोचावी. मोत्याला आधी लस दिली, मगच धडा सुरू केला. तरीही कधी कुणाला कुत्रे चावले किंवा दाताचा ओरखडा निघाला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ पाहून धुवावी. तिच्यावर हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नये. लगेच सरकारी दवाखान्यात जावे. तेथे इंजेक्शने फुकट मिळतात. ती ठरलेल्या दिवशी सगळी पुरी करावीत. पिसाळण्याचा रोग एकदा अंगात उठला, की माणूस बहुधा वाचत नाही. पण वेळेवर जखम धुतली आणि सगळी इंजेक्शने घेतली तर तो उठत नाही. एखादे कुत्रे एकाएकी वागणूक बदलू लागले, लाळ गाळू लागले, दिसेल त्याला चावू लागले, तर त्याला शिकवायला किंवा पकडायला जाऊ नये. दूर राहावे, मुलांना घरात घ्यावे आणि पशुवैद्याला कळवावे. ज्या कुत्र्याने पूर्वी कुणाला चावा घेतला आहे, त्याच्या बाबतीतही आधी पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

"कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच," असे काकींचा थोरला मुलगा पहिल्या दिवशी म्हणाला होता. शेपूट वाकडे राहते हे खरे. पण आपल्याला शेपटाला शिकवायचे नाही, कुत्र्याला शिकवायचे आहे. गावठी कुत्र्याला शिकवता येत नाही, असेही काही लोक म्हणतात. धनगराचे कुत्रे पाहावे. सारी रात्र ते मेंढरांच्या कडेला आपली जागा धरून असते. त्याला कुणी विलायतेहून आणलेले नसते. कर्नाटकातल्या मुधोळ जातीची कुत्री तर आपल्या लष्करानेही शिकवून घेतली आहेत. वयाचेही तसेच. दोन महिन्यांचे पिल्लू शिकते, पण त्याला एका वेळी दोनच मिनिटे शिकवावे. आठ-नऊ वर्षांचे कुत्रेही शिकते. त्याला थोडे जास्त दिवस लागतात, आणि सांधे दुखत असतील तर त्याचे अंथरूण जाड करावे लागते. मोत्या सहा वर्षांचा होता. काकी छप्पन्नाव्या वर्षी पाटी घेऊन बसल्या, त्यांना हे वेगळे सांगावे लागले नाही.

कुत्रे एकदा शिकले की खाऊ हळूहळू कमी करावा. दर वेळी न देता कधी दुसऱ्या वेळी, कधी पाचव्या वेळी द्यावा. अगदी बंद मात्र करू नये. मजुरी बंद झाली तर कामाला कोण येईल?

या शिक्षणाचा आणखी एक उपयोग आम्हाला पुढे कळला. कुत्रे कोपरा ओळखते तसे गोणपाटही ओळखते. सुगीच्या दिवसांत काकी मोत्याचे गोणपाट काखोटीला मारून खळ्यावर नेतात आणि राशीपासून दहा पावलांवर टाकतात. "जाग्यावर" म्हटले की मोत्या तेथे जाऊन बसतो. राशीत लोळत नाही, धान्यात पाय घालत नाही, आणि रात्री कुणी आले तर भुंकतो. नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी दोन-चार तुकडे जवळ ठेवावेत, म्हणजे त्याला लवकर आठवते.

गोणपाट वर्षा-दीड वर्षाने फाटते. नवे गोणपाट आणले की जुने लगेच फेकू नये. नवे खाली घालावे, जुने वर ठेवावे. आठ दिवसांत जुन्याचा वास नव्याला लागतो. मग जुने काढावे.